खुलासा : आकाश निळं असलं तरी पारियात पूर येतो

पारिया कॅन्यनमधल्या गाइडसोबतच्या ट्रेकबद्दल एक मेसेज फिरतोय : ‘वर आकाश निरभ्र असेल तर पुराची भीती नाही, आणि नदीतूनच चालायचं असल्याने पाणी बाळगायची गरज नाही.’ दोन्ही चूक.

युटा-ॲरिझोना सीमेवरच्या या घळीत पूर येतो तो वरच्या अंगाला, कित्येक किलोमीटर लांब पडलेल्या पावसाचा. ॲरिझोनातल्याच अँटिलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ रोजी ११ पर्यटकांचा असाच बळी गेला. घळीपाशी पाऊस नावापुरताच होता. आणि गाइड सोबत होता, बरं का.

पाण्याचं म्हणाल तर पारियाचं पाणी म्हणजे पातळ चिखलच. भांड्यात घेऊन गाळ खाली बसायची वाट बघावी लागते. घाई केली की फिल्टर चोंदलाच. प्यायला कपारीतल्या झऱ्यांचं पाणी भरून घेतात आणि पुढचा झरा येईपर्यंत ते पाठीवर वाहतात. पूर्ण वाट सुमारे ६१ किलोमीटरची आहे.

शौचाची पिशवीही भरून परत आणावी लागते. मेसेजवाल्याने हे का गाळलं, ते समजू शकतो.