प्लेटच्या पैशांबद्दल आमचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी, सणाच्या तोंडावर छापील कागदी पिशव्या वेळेत नसल्या की काउंटरवर काय होतं ते मला कळतं. पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की "प्लेटचे पैसे दोनदा लावले, सरळसरळ लूट आहे, रंग फिका आणि माल आठवडाभर लेट", त्यातलं ते लूट फार लागलं बघा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर, फ्लेक्सो, म्हणजे प्लेटला शाई लावून छापायची आमची पद्धत, ही डिजिटल प्रिंट नाही की फाईल बदलली आणि परत प्रिंट मारली. प्रत्येक रंगाची वेगळी फोटोपॉलिमर प्लेट लागते, रबरी शिक्क्यासारखी, छापायचा भाग वर उचललेला. ती आम्ही बाहेरून बनवून आणतो आणि प्लेटवाला चौरस सेंटीमीटरवर पैसे घेतो, त्यात आमचं मार्जिन शून्य. तुमचे रंग दोन, मरून आणि सोनेरी, म्हणून प्लेटा दोन, आणि कोटेशनमध्ये ही ओळ वेगळी होती. डिझाईन बघून व्हॉट्सॲपवर "ओके, करा चालू" तुम्हीच लिहिलंत, त्यानंतरच प्लेट टाकायला दिल्या. प्लेटा हातात आल्या आणि मग तुमचा फोन, की दुकानाचा नंबर बदललाय, नवीन टाका. आता सांगा, मी काय करायचं होतं?

कुणी म्हणेल तेवढाच तुकडा बदला. बदलतो ना आम्ही, नंबर मोकळ्या जागेत असेल तर छोटा पॅच बनवून टेपवर बसवतो, कितीतरी जणांचं असं भागवलंय. पण तुमचा नंबर मरूनच्या भरीव पट्ट्याच्या आत होता, म्हणजे आजूबाजूला सगळी शाई आणि आकड्यांच्या जागी कोरा कागद. अशा भरीव रंगात प्लेट कापून जोडली की जोडावर रेघ उठते, तुमच्या चाळीस हजार पिशव्यांवर ती रेघ आली असती आणि मग तुम्ही तिचाही फोटो टाकला असता (रागावू नका, पण टाकला असता). म्हणून मरूनची प्लेट पूर्ण नवीन करावी लागली. सोनेरीचे पैसे एकदाच आहेत, बिल नीट बघा. फोनवर हे सगळं बोलून झालं होतं, तेव्हा तुम्ही "हो हो, बघू नंतर" म्हणालात, आता ते नंतर इथे सगळ्यांसमोर आलं.

उशीरही त्यातूनच झाला. नवीन प्लेट येईपर्यंत मशीन मोकळं ठेवता येत नाही, तुमच्या जागी दुसऱ्या पार्टीचा रोल चढला, आणि एकदा चढला की मधेच उतरवायचा म्हणजे परत रजिस्टर (रंगाशेजारी रंग नेमका बसणं) जुळेपर्यंत मीटरच्या मीटर कागद रद्दीत.

रंगाचं म्हणाल तर ब्राऊन क्राफ्ट, म्हणजे तुमच्या पिशव्यांचा तपकिरी कागद, पाण्याची शाई पितो आणि खालचा तपकिरी वर डोकावतो, मोबाईलवर चमकणारा मरून त्यावर येत नाही. त्याच कागदावर शेड काढून पाठवली होती, पांढरा क्राफ्टही सुचवला होता, रेट जास्त म्हणून तुम्ही नको म्हणालात. ठीक आहे, तो तुमचा निर्णय.

आम्ही आधी प्लास्टिकवर छापायचो, २०१८ ला राज्यात बंदी आल्यावर कर्ज काढून कागदाच्या मशीनवर आलो, हप्ते अजून चालू आहेत. तुमचा रिव्ह्यू वाचून परवा एका नवीन पार्टीने फोनवर पहिलाच प्रश्न केला, "तुम्ही प्लेटचे डबल घेता का?" पोरं रात्रपाळी करून माल काढतात, त्यांनीही वाचलंय हे.

आमच्याकडूनही पुढे काळजी घेऊ, कोटेशनमध्ये प्लेटची ओळ मोठ्या अक्षरात टाकू आणि डिलिव्हरीचं पण काहीतरी नीट बसवतो. तुमच्या दोन्ही प्लेटा रॅकवर तुमच्या दुकानाचं नाव लावून ठेवल्यात, पैसे तुम्ही दिलेत त्या तुमच्याच, पुढच्या ऑर्डरला प्लेटचा एक रुपया लागणार नाही, फक्त नंबर परत बदलू नका. स्टार वाढवा असं म्हणत नाही, पण "दोनदा लावले" हे तेवढं दुरुस्त करा. प्लेटवाल्याचं बिल ऑफिसला आहे, कधीही येऊन बघा, येताना आधी एक फोन करा.

धन्यवाद.