टायटॅनिक आणि कोव्हचं कॅथेड्रल: त्या फोटोबद्दल खुलासा

आयर्लंडमधल्या कोव्ह गावाचा एक फोटो सध्या ग्रुपांवर फिरतोय. उंच मनोऱ्याचं कॅथेड्रल, खाली धक्क्याला लागलेली टायटॅनिक, आणि ओळ: '१९१२, शेवटचं बंदर.' सोबत चौकातल्या देवदूताच्या पुतळ्याचा फोटो, 'टायटॅनिकचं स्मारक' म्हणून.

शेवटचं बंदर हेच, हे खरं. तेव्हा गावाचं नाव क्वीन्सटाउन होतं. पण टायटॅनिक इथल्या धक्क्याला लागलीच नाही. ११ एप्रिल १९१२ला ती बंदराच्या तोंडाशी, रोचेस पॉइंटजवळ नांगर टाकून उभी होती. 'आयर्लंड' आणि 'अमेरिका' या दोन छोट्या बोटींनी प्रवासी आणि टपाल तिच्यापर्यंत नेलं. इथून चढलेले १२३ जण, बहुतेक तिसऱ्या वर्गाचे. ते जिथून निघाले ती व्हाइट स्टार लाइनची (टायटॅनिकच्या मालक कंपनीची) कचेरी अजून उभी आहे, मागे जुन्या लाकडी जेटीचे खांबही दिसतात. (कॅथेड्रलपेक्षा मला तेच जास्त बघण्यासारखे वाटतात.)

आणि तो मनोरा! सेंट कोलमन कॅथेड्रलचं काम १८६८मध्ये सुरू झालं, पण मनोऱ्याचं टोक पुरं झालं १९१५मध्ये. म्हणजे पूर्ण मनोरा आणि टायटॅनिक एका फोटोत येणं शक्यच नाही. हा जोडलेला फोटो आहे.

देवदूताचं स्मारक लुसिटानिया या ब्रिटिश प्रवासी जहाजाचं. ७ मे १९१५ला जर्मन पाणबुडीने ती बुडवली, सुमारे १,२०० माणसं गेली. त्यांतली बरीच याच गावाजवळ पुरली आहेत. टायटॅनिकचं स्मारक वेगळं, लहानसं आहे.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.