"एसीत बसून शिकवू नका" म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, तुमची कमेंट रात्रीच वाचली, पण तेव्हा लिहिलं असतं तर वाकडं बोललो असतो म्हणून सकाळी लिहितोय. साताऱ्यातल्या माण तालुक्याच्या खडकाळ माळावर नवख्यांनी तितराचे फोटो कसे काढायचे, खालनं न चढता आधी वर जाऊन कसं बसायचं, यावर मी लिहिलं, तर तुम्ही म्हणता "वरून खाली यायचं हे शिकाऱ्याचं तंत्र, एसीत बसून पोरांना पाखरांमागं लावू नका". मुद्दा मांडा की, पण एसी कुठनं आला मधी? या माळाची कुसळं माझ्या मोज्यातनं अजून निघाली नाहीत.

एक चूक मान्य. पखुर्डी (माळावरचं कबुतराएवढं पाखरू) सकाळी पाण्यावर येते असं मी सरसकट लिहिलं, रंगीत पखुर्डी दिवस मावळल्यावर येते. दुरुस्त केलंय.

आता शिकाऱ्याचं तंत्र. हो, शिकाऱ्याकडनंच शिकलोय, माझ्या आजोबांकडनं, त्यात लपवायचं काय? 1972 ला दुष्काळ पडला, त्याच साली वन्यजीव कायदा आला आणि आजोबांनी बंदूक सोडली ती कायमची, पण माळ काय विसरले नाहीत. मी 10 वर्षांचा असताना अंधारात महिमानगडाच्या सोंडेवर नेऊन बसवायचे. म्हणायचे, तितर पायानं चढाला पळतं, पंखानं उताराला जातं. खालनं चढलात की ते दगडाआडनं वर सरकतंय, तुम्ही रेटताय, शेवटी भुर्रकन उडून गेलं. तिकडं अमेरिकेत नेवाडात नेऊन सोडलेल्या चकोरामागं (तितराच्याच कुळातलं पाखरू) फिरणारे शिकारीपण हेच सांगतात, म्हणून ते आमच्या आजोबांचं नाही होत का?

आणि मी लिहिलंय काय? उजाडायच्या आत वर जा, डोंगराच्या धारेच्या जरा खाली बसा म्हणजे डोकं आभाळावर दिसत नाही, आणि हलू नका. पाखरू चरत चरत आपणहून येतं. मग हाकतो कोण, खालनं चढणारा का वर बसलेला? कायद्यात हाकणं, आमिष दाखवणं हेपण शिकारीतच धरलंय, मोबाईलवर पाखराचा आवाज वाजवू नका हे मी त्यासाठीच लिहिलं होतं, ते तुम्ही वाचलंच नाही. एकदा 8 हातावर तितर दगडावर चढलं, तांबडे पाय, गळ्याला काळी रेघ, ओरडताना आख्खी मान थरथरत होती. मी शटर दाबलं नाही, आवाजानं गेलं असतं.

विणीचा काळ, ग्रुपनं जाणं वगैरे तुम्ही बाकी जे लिहिलंय त्यावर परत कधीतरी, हा लेख त्याचा नव्हता.

आणि एवढं करून पटत नसेल तर रविवारी पहाटे 5 ला दहिवडी स्टँडवर या, मी गाडीवर घेऊन जातो. नाव न टाकता कमेंट करण्यापेक्षा ते बरं.