अर्ध्या कटिंगची ताकद

"अहो, आधी ते काचेचं हँडल बसवून घ्या," हे वाक्य मी बायकोकडून गेली 4 वर्षं ऐकतोय. आमच्या प्रीमियर पद्मिनीच्या डाव्या दाराची काच वर करायची तर एका हाताने हँडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं. पण डोक्यात इंजिन शिरलेल्या माणसाला हँडल कुठून दिसणार?

गाडी वडिलांची. कुर्ल्याला जन्मलेली, फियाट 1100 च्या घराण्यातली, 1089 सीसी, कागदोपत्री चाळीसेक अश्वशक्ती. त्यातले निम्मे अश्व वडिलांबरोबरच निवृत्त झाले असावेत. मागच्या उन्हाळ्यात नाशिकच्या मुंबई नाक्याजवळ उड्डाणपूल चढताना मला गॅस सिलिंडरच्या टेम्पोने मागे टाकलं. मागे बसलेल्या पोऱ्याने माझ्याकडे बघून हात केला. चेष्टेने नव्हे, दयेने. त्याच रात्री ठरलं, इंजिन नवं बांधायचं. दमदार आणि भरवशाचं.

"साहेब, दोन्ही एकदम?" द्वारकेजवळचे आमचे मिस्त्री म्हणाले. "जावई श्रीमंतही हवा आणि ऐकणाराही हवा, असं झालं हे."

मी 28 वर्षं अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीत काढलेली. माझा संसार मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. मिस्त्रींचं सगळ्यात लहान माप 'केसभर'. त्याच्या खाली 'अर्धा केस', पण ते फक्त नव्या मोटारींसाठी.

इंजिन उतरवलं. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते भोक, वरच्या बाजूला गोल राहिलाच नव्हता, रिंगा घासून घासून लंबवर्तुळ झालेलं. मग 1 मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घालायचे ठरले. बोअर 68 चा 69, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तोच 75. मी घरी येऊन कॅल्क्युलेटर घेतला. 1089 चे झाले 1122. वाढ 33 सीसी. म्हणजे साधारण अर्धा कटिंग चहा. तोही चौघा सिलिंडरांत वाटून प्रत्येकी 8 सीसी! मी खोकल्याचं औषध एका वेळी याहून जास्त घेतो.

"मग हेड घासू 1 मिलिमीटर," मिस्त्री म्हणाले. "कॉम्प्रेशन वाढतं, पिकअप येतो." येतो हे खरंच. पण फार घासलं की चढावर इंजिन खडखडायला लागतं, आणि पिस्टनला भोक पडण्याचीही सोय होते. बरीच घासाघीस करून अर्ध्या मिलिमीटरवर तडजोड झाली. भाजीवालीशी सुद्धा मी इतका कधी भांडलो नव्हतो.

आता वजनं. पिस्टनला क्रँकशी जोडणारे चारही कनेक्टिंग रॉड सारख्या वजनाचे असले की इंजिन थरथरत नाही, वरच्या आरपीएमला बेअरिंगवर ताण कमी येतो. दमदार इंजिन टिकवायचं तर खरी मेख इथेच आहे, मोठ्या कार्बोरेटरमध्ये नाही, असं माझं ठाम मत. मिस्त्रींकडे काटा नव्हता. मी ते रॉड रॉकेलने धुतले, जुन्या पंच्यात गुंडाळले आणि सराफ बाजारात नेले. ओळखीच्या पेढीवर गाठोडं सोडलं. सराफाने चष्मा वर केला, एक रॉड उचलून पाहिला आणि अदबीने विचारलं, "मोड आहे का?"

शेजारी मंगळसूत्र बघत बसलेल्या बाईंनी आपली पर्स जवळ ओढली.

सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड रॉडमध्ये फरक निघाला 7 ग्रॅमचा. "सोन्यात असता तर बरं झालं असतं," सराफ म्हणाले. मग तिघांना घासून हलक्याच्या बरोबरीला आणायचं म्हणून पुढचे 3 दिवस मी गॅलरीत कानस घेऊन. थोडं घासायचं आणि पेढीवर पळायचं. पाचव्या फेरीला सराफांनी चहा विचारणं बंद केलं.

ठिणगीसाठी जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालायचं का, यावर मात्र मिस्त्री जिंकले. "पॉइंट खराब झाला तर काडेपेटीवर घासून घरी येता येतं. ते डबडं गेलं तर कशावर घासणार?" याला मायक्रॉनमध्ये उत्तर नाही. रेडिएटरला नवा कोअर, पेट्रोलमधल्या इथेनॉलला टिकतील असे नवे पाइप, नवा तेलपंप. हिशेब मांडला तेव्हा कळलं की खर्चाचा मोठा हिस्सा भरवशावर गेला. दमाच्या वाट्याला आला तो अर्धा कटिंग.

पुढे रनिंग. पहिले 1000 किलोमीटर गाडी ताणायची नाही, नव्या रिंगा बोअरला बसू द्यायच्या. म्हणजे दमदार इंजिन घालून मी महिनाभर पूर्वीपेक्षा हळू. त्याच उड्डाणपुलावर तोच टेम्पो पुन्हा पुढे गेला. पोऱ्याने या वेळी हातही केला नाही.

आषाढात बायकोला घेऊन कसारा घाट उतरलो आणि तिथूनच फिरलो. चढाला हँड गिअर तिसऱ्यात टाकला, पाय दाबला, आणि पद्मिनीने सिमेंटचा एक ट्रक मागे टाकला! मग दुसरा. नव्याने बसवलेल्या टेंपरेचर मीटरचा काटा मधोमध, जागचा हलला नाही. मी हिच्याकडे अशा थाटात बघितलं, की जणू हा घाट मीच खोदलाय.

घाटनदेवीपाशी इगतपुरीचा पाऊस भिंतीसारखा अंगावर आला. हिने हँडल दाबलं, फिरवलं, आणि ते तिच्या हातात आलं. काच खालीच. तिने हँडल माझ्यासमोर डॅशबोर्डवर ठेवलं, पायाशी वाकून छत्री काढली आणि गाडीच्या आत उघडली.