देव न मानणाऱ्याला घर भाड्याने देताना

फ्लॅट भाड्याने द्यायचाय? मग एजंटाने आणलेल्या माणसाचा पगार, कंपनी, व्हेज की नॉनव्हेज हे सगळं विचारून झालं की मुद्द्याला हात घाला. देवधर्माचं काही करता का? समोरचा 'तसं मी काही मानत नाही' म्हणाला, तर चहा टाकू नका. माणूस निर्व्यसनी असेल, भाडं एक तारखेला देत असेल, आधीच्या मालकाने तोंड भरून कौतुक केलं असेल. त्याने काय होतं? वरून कुणी बघत नाही अशी ज्याची खात्री आहे, तो जाताना तुमचा गीझर काढून नेणार नाही कशावरून?

हे कागदपत्रांवरून आधीच कळावं, अशी सोय आता राहिलेली नाही. सरकार कुणालाही धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही आणि 'मला कुठलाच धर्म नाही' असं म्हणायचाही माणसाला हक्क आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगून टाकलं. दुखणं तसं जुनंच. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत ह. वि. कामतांनी उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' करावी, अशी दुरुस्ती सुचवली होती. मतदान झालं. बाजूने ४१, विरोधात ६८. पडली. विरोध करणाऱ्यांत चांगले देव मानणारे लोकही होते, श्रद्धेची सक्ती नको म्हणे. कलम २५ उघडून बघा, तिथेही सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आधी आणि धर्म मागाहून.

त्यातल्या त्यात मंत्र्यांसाठी ईश्वरसाक्ष शपथ ठेवली आहे, हे आपलं नशीब. तिच्या शेजारी 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा' असा कोरडा पर्यायही आहे, पण तुम्ही ईश्वरसाक्षवाल्यांवरच विश्वास टाका. २०१९ ते २०२४ या एकाच विधानसभेत आपण मुख्यमंत्रिपदाचे तीन शपथविधी पाहिले, त्यातला एक तर 'पहाटेचा' म्हणून गाजला. देवाला इतक्या वेळा साक्षीला बोलावल्यावर राजकारण किती सोवळं झालं, ते तुम्ही जाणताच.

आता तुमच्याच बिल्डिंगच्या जिन्याकडे वळू. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या कोपऱ्यात, वीतभर उंचीवर, टाइल्स लावलेल्या असतील. साईबाबा, शेजारी क्रूस, मग मक्केचं चित्र, जागा उरली तर गुरू नानक. खालच्या भिंतीवर जुन्या पिचकाऱ्यांचे तांबूस ओघळ, वरून मारलेल्या चुन्यातूनही दिसणारे. सर्वधर्मसमभाव शाळेच्या पुस्तकात वाचला असेल, तो अंमलात आलेला इथे बघायला मिळतो. हे चारही मिळून एका माव्याच्या थुंकीवर पहारा देतात. गुण येतो, नाही असं नाही. भाविक माणूस टाइल बघतो, तोंडातलं तोंडात धरतो, चार पायऱ्या उतरतो आणि जिथे देव नाही तिथे मोकळा होतो. कमिटीचं काम ठरलेलं : तिथेही टाइल लावायची.

पण या नास्तिकाचं काय कराल? तो टाइल नसलेल्या कोपऱ्यातही थुंकत नाही! त्याला नेमकं कशाने आवरलंय हेच कळत नाही, आणि ज्याचा लगाम आपल्या हातात नाही असा माणूस बिल्डिंगमध्ये घ्यायचा म्हणजे जोखीम. सेक्रेटरीला विचारा, तेही हेच म्हणतील.

पूर्वीचे लोक या बाबतीत हुशार होते. गोपाळ गणेश आगरकर आठवा. एम.ए. होऊन मोठ्या पगाराच्या नोकरीकडे पाठ फिरवली, पोटापुरत्या पैशात शाळा-कॉलेज उभं करायला लागले, आणि देवाधर्माबद्दल मनात होतं ते 'सुधारका'त छापून मोकळे झाले. पुणेकरांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. बरं, चाळिशी गाठायच्या आत गेले तेव्हा स्वतःच्या अंत्यविधीचे पैसेही आधीच बाजूला काढून ठेवले होते, असं सांगतात. असा भाडेकरू परवडेल? लाइट बिल थकवणार नाही, मेंटेनन्सवर घासाघीस करणार नाही, तुम्हाला दारात उभं राहून चार शब्द सुनवायला कारणच मिळणार नाही. र. धों. कर्व्यांना तर संततिनियमनाच्या प्रचारापायी मुंबईतल्या कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली होती. अशांकडून अकरा महिन्यांचं भाडं वेळेवर येईल, ही आशा कुणी धरावी!

तेव्हा सरळ देवभोळा भाडेकरू बघा. कपाळाला गंध, हातात गंडा, मोबाइलच्या कव्हरवर स्वामी समर्थ. असा मिळाला की निर्धास्त किल्ली द्या. फक्त लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करून घ्या, दोन हाडामांसाचे साक्षीदार आणि त्यांची आधार कार्डं घ्या, पोलीस व्हेरिफिकेशन करा, जाण्याआधी नळ-पंखे मोजून फोटो काढून ठेवा. आणि डिपॉझिट तीन महिन्यांचं.