सिड वॉटकिन्स : शर्यतीच्या मागोमाग धावणारे डॉक्टर

प्रोफेसर सिड वॉटकिन्स यांची आठवण निघाली की फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींचे चाहते हमखास इटलीतल्या इमोला ट्रॅकवरचा प्रसंग सांगतात. ३० एप्रिल १९९४ रोजी तिथे ड्रायव्हर रोलंड रात्झेनबर्गरचा मृत्यू झाल्यानंतर वॉटकिन्सनी त्याचा सहस्पर्धक आयर्टन सेनाला सुचवले की तू तीनदा जगज्जेता झाला आहेस, आता हे सारे सोड आणि चल, आपण मासे पकडायला जाऊ. सेनाने ते मानले नाही आणि दुसऱ्याच दिवशी जीवघेण्या अपघातानंतर ट्रॅकवर त्याच्यावर उपचार करण्याची वेळ याच मित्रावर आली. प्रसंग हेलावून टाकणारा आहे यात शंका नाही, परंतु केवळ तेवढाच सांगितला तर वॉटकिन्स एक हताश मित्र म्हणून लक्षात राहतात, आणि हा मला त्यांच्यावरचा अन्याय वाटतो. त्यांना समजून घ्यायचे तर १० सप्टेंबर १९७८ च्या, इटलीतल्याच मोन्झा इथल्या शर्यतीकडे जावे लागते.

त्या वर्षी फॉर्म्युला वनच्या कारभाराची सूत्रे हलवणारे बर्नी एक्लस्टन यांनी त्यांना फॉर्म्युला वनचे डॉक्टर म्हणून नेमले होते. माणूस अचूक निवडला होता. १९२८ मध्ये लिव्हरपूलला जन्मलेले वॉटकिन्स वडिलांच्या गॅरेजमध्ये हात काळे करत वाढले. पुढे ते न्यूरोसर्जन झाले, अमेरिकेत सिराक्यूज येथे प्राध्यापक असताना तिथल्या वॉटकिन्स ग्लेन या ट्रॅकवरच्या शर्यतींना डॉक्टर म्हणून जात राहिले (नावातले साम्य निव्वळ योगायोगाचे), आणि १९७० पासून लंडन हॉस्पिटलमध्ये न्यूरोसर्जरीचे प्राध्यापक होते. आठवडाभर मेंदूच्या शस्त्रक्रिया आणि शनिवार-रविवारी ट्रॅक, असा हा दुहेरी संसार त्यांनी वर्षानुवर्षे निभावला.

मोन्झाला शर्यत सुरू होताच गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि रॉनी पीटरसनच्या गाडीने पेट घेतला. सहकारी ड्रायव्हरांनी त्याला बाहेर ओढले. वॉटकिन्स धावत गेले, पण पोलिसांनी कडे केले होते आणि जगातल्या मोजक्या जाणकारांपैकी एक असलेल्या या डॉक्टरलाही त्यांनी आत सोडले नाही. रुग्णवाहिकाही बऱ्याच उशिरा आली. पीटरसनच्या दोन्ही पायांची हाडे अनेक ठिकाणी मोडली होती; मोडलेल्या हाडांतली चरबी रक्तात मिसळून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मृत्यू झाला. तो केवळ उशिरामुळे गेला असे खात्रीने म्हणता येणार नाही. तरीही वॉटकिन्सनी त्यातून जे ओळखले ते मला कोणत्याही शस्त्रक्रियेपेक्षा मोठे वाटते : हातात कितीही कौशल्य असले तरी रुग्णापर्यंत पोहोचण्याचा अधिकार नसेल तर डॉक्टर हा आणखी एक प्रेक्षकच असतो.

म्हणून त्यांनी एक्लस्टन यांच्याकडे मागितल्या त्या अगदी रोकड्या गोष्टी : चांगली उपकरणे, भूलतज्ज्ञ, हेलिकॉप्टर आणि गाड्यांच्या मागोमाग पहिली फेरी धावणारी वैद्यकीय गाडी. पहिल्याच फेरीत सगळ्या गाड्या दाटीने धावतात आणि धडकेची भीती सर्वाधिक असते, हे गॅरेजमध्ये वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नव्हते. शर्यतीवर खरे प्रेम नसते तर त्यांनी तिच्यावर बंदीच मागितली असती, असे मला वाटते. ज्यांना तो वेग कळत नव्हता असे पुष्कळ सज्जन ती मागतही होते.

या व्यवस्थेची किंमत १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲडलेडला कळली. अपघातात ड्रायव्हर मिका हाकिनेनचा श्वास बंद पडला तेव्हा डॉक्टरांनी ट्रॅकच्या कडेलाच त्याच्या गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग मोकळा केला. तोच हाकिनेन १९९८ आणि १९९९ मध्ये जगज्जेता झाला. सेनाच्या मृत्यूनंतर नेमलेल्या सुरक्षा समितीचे अध्यक्षपदही वॉटकिन्स यांच्याकडेच आले, आणि डोके व मान सावरणारे हान्स उपकरण २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये सक्तीचे झाले.

वॉटकिन्स २०१२ मध्ये गेले. २०१७ मध्ये शांघायच्या शर्यतीआधी धुरकट हवेमुळे वैद्यकीय हेलिकॉप्टर रुग्णालयाजवळ उतरू शकत नव्हते, म्हणून शुक्रवारचा जवळजवळ सगळा सराव वाया गेला. पैसे मोजून आलेले प्रेक्षक कंटाळले, करोडोंच्या गाड्या गॅरेजमध्ये उभ्या राहिल्या, आणि तरीही हेलिकॉप्टरविना गाड्या सोडा असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा झाली नाही.