फेटसाठी पैसे भरू नका

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘फेटचे विज्ञान-गणिताचे प्रयोग आता सशुल्क झाले, शिवाय नेट नसेल तर चालतच नाहीत.’ खाली पैसे भरायची लिंकही आहे. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

फेट (PhET) हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा, संगणकाच्या पडद्यावर करून बघायच्या प्रयोगांचा प्रकल्प. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. संकेतस्थळावरचे प्रयोग आजही मोफत आहेत, बरेचसे मराठीतही. मोबाइलचं अ‍ॅप मात्र विकत घ्यावं लागतं. गैरसमज बहुधा तिथूनच निघाला असावा.

आता नेटचं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंज नसते हे खरं, म्हणून हा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नवे, एचटीएमएल-५ मधले (म्हणजे थेट ब्राउझरमध्ये चालणारे) प्रयोग एकेका फाइलच्या रूपात डाउनलोड होतात. तालुक्याला आलात की उतरवून घ्या, पेनड्राइव्हवर टाका, शाळेतल्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडा. विद्युत परिपथाचा प्रयोग नेटशिवाय व्यवस्थित चालतो; मुलं स्वतः तारा जोडतात, बल्ब पेटवतात. जावा या संगणकीय भाषेत लिहिलेले काही जुने प्रयोग मात्र मोबाइलवर चालत नाहीत, ते सोडून द्या.

मेसेजखालच्या लिंकवर कुणीही पैसे भरू नयेत, ही कळकळीची विनंती.